वड्याचं कौतुक खूप झालं, आता पावाबद्दल बोला (मुंबईतले वडापाव, सँडविच आणि पावातलं बाकी सगळं)

गिरगाव_चाळकरी:
मंडळी, मुंबईतला सगळ्यात भारी वडापाव कुठला यावर आजवर जेवढे धागे निघाले त्या सगळ्यांत मी हिरिरीने लिहिलंय, पण परवा एक गोष्ट झाली आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून हा वेगळा धागा काढतोय. ऑफिस सुटल्यावर फोर्टात एका गाडीवर वडापाव घेतला, नाव नाही घेत. वडा एक नंबर होता, कढईतून नुकताच काढलेला, लसूण-मिरची नीट लागलेली, बेसनाचं आवरण पातळ. आणि पाव आदल्या दिवशीचा. कडा सुकलेल्या, दाबला तर भुगा. शेवटी वडा तेवढा काढून खाल्ला आणि पाव टाकावा लागला. घरात अन्न टाकायची सवय नाही त्यामुळे मनाला जरा जास्तच लागलं.

मग वाटलं, आपण इतकी वर्षं भांडतोय ते वड्यावरून आणि चटणीवरून. पावाबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. अरे पण हातात घेतलेल्या वस्तूचा निम्मा भाग तोच असतो ना! लहानपणी बाबा सकाळी पिशवी घेऊन खालच्या बेकरीत जायचे आणि पाव गरम नसेल तर रिकामे परत यायचे, दुसऱ्या घाण्याला पुन्हा जायचे. तेव्हा मला तो हट्ट वाटायचा, आता कळतंय.

तर सांगा, मुंबईत पावातलं किंवा ब्रेडमधलं असं काय आणि कुठे खाल्लंत जिथे पाव आणि आतला माल दोन्ही एकमेकांना शोभून होते? वडापावच हवा असं नाही. सँडविच, भजीपाव, समोसापाव, खिमापाव, दाबेली, ऑम्लेटपाव, सगळं चालेल. फक्त पावाबद्दल लिहा ही विनंती.

प्रवासी_९_०३:
तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). माझं मत कीर्ती कॉलेजजवळच्या अशोक वडापावला. तिथे वड्याबरोबर तळणीतला चुरा घालतात आणि तो कुरकुरीत चुरा मऊ पावात गेला की जे काही होतं ते दुसरीकडे नाही मिळालं मला. चुऱ्याला मऊ पावच लागतो, कडक पावात चुरा टोचेल.

पारलेकरीण:
धागा आवडला आणि मी इथे सँडविचची बाजू मांडणार आहे कारण वडापावपुढे त्याच्याकडे कोणी बघतच नाही. रस्त्यावरचं व्हेज टोस्ट ही मुंबईची स्वतःची वस्तू आहे. मी अकरावी ते ग्रॅज्युएशन पाच वर्षं मिठीबाई कॉलेजच्या बाहेर तेच खाल्लंय, महिन्याचे पैसे त्यातच जायचे.

आता पावाबद्दल विचारलंयत म्हणून नीट सांगते. सँडविचवाला पांढरा स्लाइस ब्रेड घेतो, बऱ्याच जणांकडे विब्स कंपनीचा असतो, आणि त्या ब्रेडला स्वतःची चव जवळजवळ नसते, तेच त्याचं काम आहे. आधी दोन्ही स्लाइसना लोणी, अगदी कडेपर्यंत. हे लोणी फक्त चवीला नसतं, लोण्याचा थर असला की हिरव्या चटणीचं पाणी ब्रेडमधे शिरत नाही. ज्याने लोण्यात काटकसर केली त्याचं सँडविच दहा मिनिटांत ओलंगच्च होणार. मग चटणी, मग उकडलेला बटाटा, काकडी, उकडलेलं बीट, टोमॅटो, कांदा, आणि प्रत्येक थरावर मसाला भुरभुरायचा, शेवटी एकदाच नाही. बटाटा तो हातातच धरून थेट ब्रेडवर कापतो, चकत्या इतक्या पातळ की पलीकडचं दिसेल. घरी मी किती वर्षं प्रयत्न केला, माझ्या चकत्या जाडच होतात आणि जाड झाल्या की चावताना सगळं बाहेर घसरतं.

आणि टोस्ट करायचं ते त्या लांब दांड्याच्या साच्यात, शेगडीवर उलटं-सुलटं करत. ग्रिलरमधे नाही. ग्रिलरमधे ब्रेड चेपून वाळतो आणि आतली काकडी शिजते. साच्यात कडा बंद होतात, बाहेरून खरपूस आणि आत भाजी थंड, तो थंड-गरम फरक म्हणजेच व्हेज टोस्ट. वरून पुन्हा लोणी, चटणी, शेव, सहा तुकडे. मधले दोन तुकडे मी शेवटी खाते, सगळा माल तिथेच असतो.

गिरगाव_चाळकरी:
पारलेकरीण, लोण्याचं कारण मला आज कळलं, इतकी वर्षं नुसतं खात आलो. मसाला टोस्ट धरता का तुम्ही यात? ज्यात पिवळी बटाट्याची भाजी भरतात ते?

पारलेकरीण:
धरते, पण ते वेगळं खाणं आहे. मसाला टोस्ट पोट भरायला, व्हेज टोस्ट जिभेला. पावसात मसाला टोस्ट. आणि चीज नको, चीज घातलं की चटणी झाकली जाते.

दादर_पश्चिम:
वय ७१. जन्म दादरचा, राहणं दादरचं. थोडा इतिहास सांगतो कारण तुमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे.

वडापावचं श्रेय साधारणपणे अशोक वैद्य यांना दिलं जातं, १९६६ साली दादर स्टेशनच्या बाहेर. सांगतात असं की त्यांची बटाटेवड्यांची गाडी होती आणि शेजारी ऑम्लेटपाववाला होता, त्यावरून वडा पावात घालायची कल्पना आली. म्हणजे बघा, बटाटेवडा आपल्याकडे आधीही होता. दादरलाच मामा काणे यांच्याकडे १९१० पासून उपाहारगृह आहे, तिथला वडा लोक बशीत घेऊन चमच्याने खात. मग नवीन काय झालं? पाव. वडा बशीतून निघून माणसाच्या हातात आला तो पावामुळे. एका हातात पाव आणि दुसरा हात लोकलच्या दांडीला. गिरगाव_चाळकरी, तुम्ही निम्मा भाग म्हणालात, मी तर म्हणेन जास्तच.

आणि पाव आणि बटाटा हे दोन्ही शब्दच पोर्तुगीजांकडून आलेले. म्हणजे आतला माल आणि बाहेरचं वेष्टण एकाच गलबतातून उतरलं आणि दादरला भेटायला कित्येक शतकं लागली, मला याचं फार अप्रूप वाटतं.

एक मात्र स्पष्ट सांगतो, छबिलदास गल्लीत श्रीकृष्णचा बटाटेवडा मी पावाशिवायच खातो. तो आकाराने मोठा, त्याला पाव घेतला तर वड्याची भाजी नीट कळत नाही. सगळ्याच वड्यांना पाव हवा असं नाही.

घोडबंदर_रोडवरून:
मुंबई म्हणता आणि ठाणे विसरता, हे बरोबर नाही काका. गजाननचा वडापाव खाऊन बघा, तिथे बेसनाची पिवळी पातळसर चटणी देतात, पाव त्यात बुडवून खायचा. तिथे पाव हा चटणी टिपायला असतो आणि त्यासाठी तो भरपूर जाळीदार लागतो. घट्ट पाव चटणी पितच नाही. मामलेदार मिसळीला पण हेच लागू, १९४६ पासून तहसील कचेरीच्या बाहेर चाललंय, झणझणीत रस्सा आणि पाव बुडवला की वर येईपर्यंत जड झालेला असतो. स्टेशनजवळ कुंजविहारचा मोठा वडापाव आहे, एक खाल्ला की जेवण झालं.

कोल्हापूरची_मुंबईत:
मी लग्न होऊन आठ वर्षांपूर्वी मुंबईत आले. आमच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेडच असतो आणि मला सुरुवातीला लादी पाव बघून मिसळ खाववायचीच नाही. आता सवय झाली. पण एक तक्रार आहेच, मुंबईत हल्ली खूप ठिकाणी पाव गोड लागतो. तिखट रश्शात गोड पाव बुडवला की मधेच जिभेला ठेच लागल्यासारखं होतं. हे मलाच वाटतं की बाकीच्यांना पण?

प्रवासी_९_०३:
मला पण वाटतं. पुडीतले पाव जास्त गोड असतात, बेकरीतले सुटे कमी.

नळबाजार:
सलाम सगळ्यांना. आमच्या मामूंची बेकरी आहे, माझं बालपण भट्टीशेजारी गेलं, त्यामुळे पावाचं कोणी विचारलं की राहवत नाही.

पहिली गोष्ट, लादी पाव मऊ का असतो. कणकेचे गोळे पत्र्यात एकमेकांना चिकटून लावतात, फुगताना ते एकमेकांत दाबले जातात, त्यामुळे भट्टीची धग फक्त वरून आणि खालून लागते. बाजू पांढऱ्या आणि ओलसर राहतात. वेगळा करताना जो तंतूसारखा सुटतो ना, तिथे पाव कळतो, सरळ तुटला तर पीठ नीट मळलेलं नाही. ब्रून म्हणजे कडक पाव वेगळा, त्याचे गोळे लांब लांब ठेवतात, चारी बाजूंनी धग, म्हणून कवच. ब्रूनमधे वडा घालून बघितलाय मी, तोंड सोलून निघतं. ब्रूनला पातळ काहीतरी लागतं, खिमा किंवा चहा. धोबी तलावला कयानी या इराणी हॉटेलात, १९०४ पासूनचं आहे ते, तिथे खिमापाव घ्या आणि नंतर फोर्टात याझदानी बेकरीत ब्रून मस्का चहात बुडवून. एकाच सकाळी दोन्ही पाव खाल्ले की फरक लगेच ध्यानात येतो.

दुसरी गोष्ट लिहिताना वाईट वाटतं. २०२५ च्या जानेवारीत हायकोर्टाने सांगितलं की लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत बंद करून गॅस किंवा विजेवर या. हवा खराब आहे हे खरंच आहे. पण आमची भट्टी विटांची, ती दिवसरात्र तापलेली, रात्री विझवली तरी सकाळी आत हात घालवत नाही. त्या विटांच्या धगीने पावाचा तळ वेगळा होतो. गॅसवर तो तळ येत नाही, मामू सहा-सात वेळा माप बदलून बघतायत, पाव मऊ येतोय पण तळ फिका.

पारलेकरीण:
नळबाजार, तुमचं दुःख समजतं पण मला इथे लिहायलाच हवं. माझ्या मुलाला दमा आहे. हिवाळ्यात त्याचा पंप दप्तरात असतो. बऱ्याच भट्ट्यांत जुन्या फर्निचरचं लाकूड जाळतात, रंग आणि प्लायवूडसकट, त्याचा धूर खालच्या वस्तीतल्याच लोकांच्या घरात जातो. पावाचा तळ थोडा फिका झाला तर मला चालेल.

नळबाजार:
ताई, तुमचं बरोबर आहे. मामूंना स्वतःला खोकला आहे, पस्तीस वर्षं भट्टीसमोर उभे आहेत. आम्ही गॅस घेतलाच आहे, परत जाणार नाही. मी फक्त सांगत होतो की काहीतरी गेलं. खर्च पण फार आला आणि छोट्या बेकऱ्यांना तो झेपत नाही, आमच्या जवळची एक बंदच झाली. पाव महागला की वडापाववाला महाग करणार, १५ चा २० होणार, आणि जो रोज दुपारचं जेवण म्हणून दोन वडापाव खातो त्याच्या खिशाला लागणार. तो माणूस कुठल्याच धाग्यावर लिहायला येत नाही.

लालबागची_लेक:
बरेच दिवस नुसती वाचत होते, आज लिहिते. आमची वडापावची गाडी होती. बाबा गिरणीत साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत होते, अडीच लाख कामगार बाहेर, आणि तो संप रीतसर मागे घेतला असं कधी झालंच नाही, तो नुसता संपत गेला. वर्षभर बाबा रोज गेटवर जाऊन यायचे. मग आईने मंगळसूत्राच्या वाट्या मोडून कढई, स्टोव्ह आणि लाकडी हातगाडी घेतली. आमच्या चाळीतल्या आणखी तीन घरांनी नंतर गाड्या लावल्या. लालबाग-परळला त्या काळात जी वडापावची गाडी दिसायची तिच्यामागे बहुतेक एक बंद पडलेली गिरणी असायची.

आता पावाचं. आईचा सगळा दिवस पावाच्या वेळेवर चालायचा. दुपारी दोनला बटाटे उकडायला, बटाटा जुनाच, नवा चिकट होतो आणि गोडसर लागतो. साडेतीनला सायकलवर पाववाला यायचा. आई लादी उलटी करून आधी तळ बघायची, मग वरून अंगठ्याने दाबायची, खड्डा भरून वर आला तर घ्यायची, नाही आला तर परत. पाववाला चिडायचा पण आईला सगळ्यात चांगली लादी बाजूला काढून ठेवायचा, कारण ती रोज रोख द्यायची.

आणि एक गोष्ट इथे कोणी लिहिली नाही. अगदी गरम पाव वडापावला चालत नाही! भट्टीतून आलेला पाव लगेच कापला तर आत लगदा होतो, सुरीला चिकटतो. आई लादी धुतलेल्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात अर्धा तास ठेवायची. वाफ आत जिरते, पाव मऊ राहतो आणि कापता येतो. म्हणून आमची गाडी चारला सुरू व्हायची, पाववाला साडेतीनला येऊन गेला तरी. दुसऱ्या पाळीला जाणारे-येणारे तेव्हा उरले नव्हते, पण वेळ तीच राहिली. पाव कापताना एक बाजू जोडलेली ठेवायची, आत एका अंगाला हिरवी चटणी आणि दुसऱ्या अंगाला सुकी लसणीची. ओली चटणी वड्याच्या वर आणि सुकी खाली, म्हणजे सुकी चटणी वड्याचं तेल पिते आणि पावाचा तळ फुटत नाही. पारलेकरीणने लोण्याचं लिहिलं तेव्हा मला आईची सुकी चटणीच आठवली, काम एकच.

उरलेले पाव आईने दुसऱ्या दिवशी कधीच वापरले नाहीत. सकाळी घरी फोडणीचा पाव, कांदा-कोथिंबीर घालून, शाळेच्या डब्यात. मी आठ वर्षं तो डबा नेला आणि मैत्रिणी माझ्या डब्याशी पोळी-भाजी बदलून घ्यायच्या.

गिरगाव_चाळकरी:
ताई, तुमचं दोनदा वाचलं. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, तळ बघायची त्यांच्या पण आईची सवय होती.

दादर_पश्चिम:
लालबागची_लेक, साष्टांग नमस्कार तुमच्या आईला. ८३-८४ साली मी लालबागला नोकरीला होतो. कदाचित तुमच्या गाडीवर खाल्लंही असेल.

घोडबंदर_रोडवरून:
ताई, सुकी चटणीचं प्रमाण सांगाल का? आमची नेहमी तेलकट होते.

लालबागची_लेक:
सुकं खोबरं किसून मंद आचेवर कोरडं भाजायचं, तांबूस झालं की लगेच काढायचं. लसूण त्याच्या निम्मी, सालासकट, तव्यावर नुसती गरम करून घ्यायची, तळायची नाही. लाल तिखट, मीठ, मूठभर भाजलेले शेंगदाणे. कुटताना हात आखडता घ्या. मिक्सर फिरवत राहिलात की खोबरं आणि दाणे तेल सोडतात, म्हणून तेलकट होते. थांबत थांबत फिरवा.

प्रवासी_९_०३:
विषयाला धरून एक. कागद. वर्तमानपत्रात बांधून देऊ नये असा नियम २०१८ सालीच निघालाय तरी बऱ्याच ठिकाणी देतात. गरम तेलकट वडा शाईवर ठेवला की शाई पावाला लागते, पांढऱ्या पावावर काळे डाग स्पष्ट दिसतात. मी आता घरूनच छोटा डबा नेतो, गाडीवाले हसून घालून देतात. त्यांना कोरा कागद वेगळा विकत घ्यावा लागतो हे खरं, पण गिऱ्हाईकांनी मागितला तर ते ठेवतील.

कोल्हापूरची_मुंबईत:
डब्याची कल्पना चांगली, पण बंद डब्यात वाफ धरते ना? वड्याचं आवरण मऊ पडेल.

प्रवासी_९_०३:
झाकण लावत नाही, तिथेच उभं राहून खातो.

पारलेकरीण:
एक राहिलंच. चर्चगेटला ब्रेबॉर्न स्टेडियमच्या शेजारी के. रुस्तमचं आइसक्रीम सँडविच. जाड आइसक्रीमची वडी आणि दोन्ही बाजूंना पातळ वेफर बिस्किट. ब्रेड नाही म्हणून या धाग्यात बसतं की नाही माहीत नाही पण तिथेही नियम तोच, बिस्किट ओलं पडायच्या आत संपवायचं.

गिरगाव_चाळकरी:
बसतं, बिनधास्त बसतं.

मंडळी, एक विचारायचं आहे. येत्या शनिवारी भेटायचं का? इतकं लिहून झाल्यावर एकत्र खायलाच हवं. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर, संध्याकाळी. वडे मी श्रीकृष्णकडून आणतो, दादर_पश्चिम काका तुमच्यासाठी बिनपावाचे. ज्यांना जमेल त्यांनी कळवा.

दादर_पश्चिम:
येतो. नातवाला घेऊन येतो, तो फक्त बर्गर खातो.

पारलेकरीण:
मी नक्की. भाज्या आणि हिरवी चटणी करून आणते, स्लाइस आणि लोणीही आणते, साचा घरी आहे पण शेगडीचं काय करायचं ते बघा. नाहीतर साधंच सँडविच, न भाजलेलं, तेही छान लागतं.

लालबागची_लेक:
सुकी चटणी माझी. आईला विचारलं, गुडघे दुखतात तरी येते म्हणाली. पाव कोण आणणार तेवढं आधी ठरवा असं तिने मुद्दाम सांगायला सांगितलंय.

नळबाजार:
लादी मी आणतो. साडेतीनच्या घाण्याची. बसायला टॅक्सी मिळाली तर चार-सव्वाचारला पोचतो, म्हणजे अर्धा तास फडक्यात होईलच. आजींना सांगा, तळ थोडा फिका असेल.